नवव्या प्रकरणातला ऊस

घोडेगावच्या गुरांच्या बाजारात नगरकडे येणारी एस.टी. किती वेळ अडकू शकते, याचा माझ्याकडे तोपर्यंत एकच आकडा होता – बावीस मिनिटं. त्या दिवशी तो मोडला. स्टॉपवरून बस सुटली आणि शंभरेक मीटरवर जाऊन थांबली. पुढे म्हशी भरलेले पिकअप, मागे रिकामे टेम्पो आणि मध्ये, रस्ता आपल्याच नावावर असल्यासारख्या चालणाऱ्या चार म्हशी. बाहेर भुरभुर पाऊस होता – ऑगस्टच्या शेवटी आमच्याकडे पडतो तसा. पिकाला पुरत नाही आणि कपडे वाळू देत नाही.

घोडेगावला चढलेला एक जण माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर छापील कागदांचा गठ्ठा, हातात पेन्सिल, ओल्या शर्टाची बाही माझ्या हाताला लागू नये म्हणून आखडून घेतलेला खांदा. दुसऱ्याचं वाचू नये हे मला माहीत आहे. पण अक्षर दिसलं की माझे डोळे थांबत नाहीत...

‘१९६० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत फिडेल कॅस्ट्रो सलग सात तास बोलले.’

सात तास? माझी कारखान्यातली पाळी आठ तासांची असते. तेवढ्यात मी तीनदा चहा पिते आणि तरी शेवटी माझा आवाज बसलेला असतो.

“मध्ये पाणी प्यायले का?” मी विचारलं.

तो दचकला. “कोण?”

“हे. सात तासांत.”

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. डोळे काळेभोर होते आणि त्यांत राग अजिबात नव्हता. “ते... नाही बघितलं.”

बस हलत नव्हती. मी मोबाईल काढला. सहा मिनिटांनी म्हणाले, “चार तास एकोणतीस मिनिटं. दोन वेगवेगळ्या ठिकाणी बघितलं.”

“म्हणजे अडीच तास मी त्यांना उगाच उभं केलं.”

“दोन तास एकतीस मिनिटं.”

तो हसला. हसताना पेन्सिल कानामागे खोचायची त्याची सवय मी तेव्हाच टिपली. “तुम्ही पत्रकार का?”

“केमिस्ट. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. बी.एस्सी. आहे.”

“आणि कॅस्ट्रो?”

“त्यांच्याबद्दल मला दहा मिनिटांपूर्वीपर्यंत फक्त दाढी माहीत होती.”

त्याचं नाव कल्याण दरंदले. घोडेगावजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवायचा आणि गेली दोन वर्षं कॉलेजच्या मुलांसाठी कॅस्ट्रोचं चरित्र लिहीत होता. आता पुस्तक नगरला सावेडीतल्या एका छोट्या प्रकाशकाकडे होतं. प्रकाशकाने अट घातली होती, की प्रत्येक तारीख, प्रत्येक आकडा दुसऱ्या कुणी तरी तपासायचा. तपासणाऱ्याचं नाव पुस्तकात पहिल्या पानावर छापायचं.

“मग? मिळालं कुणी?”

“इतिहासाचे दोन मास्तर भेटले. दोघंही म्हणाले, छान लिहिलंय.” त्याने कागद सरळ केले. “तुम्ही एकट्याच म्हणालात, चुकलंय.”

“मी सावेडीतच राहते,” मी म्हणाले. हे त्याने विचारलं नव्हतं. “आणि हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. तोपर्यंत... मोकळी आहे.”

म्हशी बाजूला झाल्या तेव्हा सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. नवीन आकडा. मला जरा लवकर सुटल्यासारखं वाटलं.

*

आम्ही आठवड्यातून दोनदा भेटू लागलो. प्रोफेसर कॉलनी चौकातल्या अमृततुल्यमध्ये, कोपऱ्यातल्या बाकावर. तो शाळा सुटली की बसने यायचा. माझी पद्धत लॅबमधलीच होती. एका नमुन्याची दोन वाचनं जुळली तर पेन्सिलने टिकची खूण. एकच पुरावा असेल तर निळी रेघ. चूक असेल तर लाल वर्तुळ.

“एवढं लाल?” पहिल्या प्रकरणाची पानं पाहून तो म्हणाला. “शाळेत मी पोरांनाही एवढं करत नाही.”

“म्हणून पोरं तुम्हाला चांगलं म्हणत असतील.”

“आणि तुमच्या लॅबमधले तुम्हाला काय म्हणतात?”

“साळवे मॅडम आल्या, नळी पुन्हा धुवा, असं म्हणतात.”

मला कामाची गोडी लागली. शाळकरी फिडेलने १९४० साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून दहा डॉलरची नोट मागितली होती. ती हिरवी नोट आपण कधी पाहिली नाही, ती बघायची आहे, म्हणून. पत्रात त्याने स्वतःचं वय बारा वर्षं लिहिलं होतं. पण जन्म १३ ऑगस्ट १९२६ चा धरला तर तो चौदाचा होता. मी निळी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : ‘दोन वर्षं कुठे गेली?’

“लहान दिसलं की नोट मिळेल, असं वाटलं असेल,” कल्याण म्हणाला.

“मग तसं लिहा, की वाटलं असेल. तुम्ही लिहिलंय, वाटलं.”

“बरं.” त्याने खोडलं. “माणसं वय चोरतातच.”

“तुमचं काय?”

“एकोणतीस.”

“पुरावा?”

“शाळा सोडल्याचा दाखला.”

“एकच झाला. निळी रेघ.”

“दुसरा पुरावा म्हणजे आमची आई. तिला विचारायला घोडेगावला यावं लागेल...” एवढं बोलून तो चहाच्या ग्लासात बघू लागला. ग्लास रिकामा होता. माझे कान गरम झाले. ते मोजायचं साधन सुदैवाने आमच्या टेबलावर नव्हतं.

ब्याऐंशी माणसं एका छोट्या बोटीत बसून मेक्सिकोहून क्यूबाला निघाली, त्या प्रकरणात त्याने लिहिलं होतं, की बोट जेमतेम डझनभर माणसांची होती. “हे बरोबर आहे,” मी म्हणाले. “पण वाचणाऱ्याला खरं वाटणार नाही.”

“आमच्याकडच्या वाचणाऱ्याला वाटेल. बाजारादिवशी आमची जीप बघा.”

सातव्या प्रकरणात एक वाक्य होतं – कॅस्ट्रोने धर्माच्या द्वेषापोटी १९६९ पासून नाताळची सुट्टी बंद केली. मी लाल वर्तुळ केलं नाही, पण बराच वेळ पेन हातात धरून बसले.

“राग आला?” त्याने हळूच विचारलं. मी साळवे, नगरची, चर्चच्या शाळेत शिकलेली... हे एव्हाना त्याला माहीत होतं.

“नाही. पण कारण नीट लिहा. त्या वेळी सांगितलेलं कारण ऊस होतं. सगळा देश ऊसतोडीला लावला होता आणि डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम. मनात धर्माबद्दल काय होतं ते वेगळं मांडा, पुरावे देऊन.” मी पेनाचं टोपण लावलं. “आणि खरं सांगू का, मला त्यात नवल वाटलंच नाही. गेले तीन नाताळ मी लॅबमध्ये काढलेत. पंचवीस डिसेंबरला काही रस वाहायचा थांबत नाही. मम्मी डब्यात केक देते. दुपारपर्यंत त्याला मळीचा वास लागतो.”

“खाता तरी का?”

“खाते. डोळे मिटून.”

त्याने आपल्या प्लेटमधला खारीचा शेवटचा तुकडा माझ्याकडे सरकवला.

सप्टेंबरात एका संध्याकाळी पाऊस लागून राहिला. मी त्याला स्कूटरवरून माळीवाडा स्टँडवर सोडायला निघाले. त्याने कागद शर्टाच्या आत पोटाशी धरले होते आणि दुसऱ्या हाताने सीटमागची दांडी पकडली होती – माझ्या खांद्याला लागणार नाही इतक्या काळजीने, की वळणावर तोच पडला असता.

“हळू चालव... चालवा.”

“काय ते एक ठरवा.”

पावसात जरा वेळ फक्त स्कूटरचा आवाज. मग अगदी कानाशी, “हळू चालव, एंजेला.”

मी हळू चालवली. स्टँड फार लवकर आला.

*

ऑक्टोबर लागला तरी त्याने नववं प्रकरण दिलं नव्हतं. दहावं दिलं, अकरावं दिलं, शेवटचं – पंचवीस नोव्हेंबर दोन हजार सोळाचं, मृत्यूचं – तेही दिलं. नवव्याचं नाव काढलं, की म्हणायचा, “ते सोपं आहे गं. उसाचं. तात्यांनी सांगितलेलं.”

तात्या म्हणजे त्याचे वडील, गहिनीनाथ. छत्तीस वर्षं एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. उसाची प्रत्येक बैलगाडी, प्रत्येक ट्रॅक्टर त्यांच्या खिडकीसमोर थांबायचा. १९८३ मध्ये कॅस्ट्रो दिल्लीला अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेसाठी आले तेव्हा तात्या नुकते कामाला लागले होते. कुठल्याशा वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं, की या माणसाने आपल्या देशात एका हंगामात एक कोटी टनांचं उद्दिष्ट ठेवलं होतं आणि ते पंच्याऐंशी लाखांवर अडकलं. तेव्हापासून तात्या सगळ्यांना हे सांगत आले. पुढे आपल्या जिल्ह्यातले सगळे कारखाने मिळून चांगल्या हंगामात एक कोटी टनांच्या वर ऊस गाळू लागले, तेव्हा तर त्यांची छाती फुगली. अख्ख्या देशाला जमलं नाही, ते आपल्या एका जिल्ह्याने केलं! कल्याण हे ऐकत लहानाचा मोठा झाला. कॅस्ट्रो हे नाव त्याला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. पुस्तकाचं मूळच ते होतं.

शेवटी मी म्हणाले, की नववं दिल्याशिवाय बाकीची पानं परत देणार नाही. त्याने दिलं. त्या दिवशी चहा आला आणि दोघांचाही गार झाला.

प्रकरणाचं नाव होतं, ‘एका जिल्ह्याने हरवलेला देश’. लिहिलं सुंदर होतं. पहाटेच्या गाड्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज, काट्याच्या खिडकीतला कंदील... आणि मग तो आकडा. पंच्याऐंशी लाख टन ऊस.

मी दोन ओळी पुन्हा वाचल्या. पुरावा शोधायचीसुद्धा गरज नव्हती.

“अरे, हा ऊस नाही!” मी जवळजवळ ओरडले. बाजूच्या बाकावरचे काका वळून बघू लागले. “ही साखर आहे. १९७० चं उद्दिष्ट एक कोटी टन साखरेचं होतं. साखर उतारा साडेदहा टक्के धर. शंभर टन उसातून साडेदहा टन साखर. म्हणजे पंच्याऐंशी लाख टन साखरेला ऊस लागला... आठ कोटी टन! बघ ना, चूक किती आपल्याकडची आहे. आपल्याकडे टन म्हटलं की ऊसच. किती टन गेला, एकरी किती टन पडला... साखर आपण पोत्यांत मोजतो, क्विंटलमध्ये. दुसरीकडचा कुणी माणूस असा चुकलाच नसता.”

मला चूक सापडल्याचा आनंद झाला होता. लॅबमध्ये होतो तसा, निखळ. मी मान वर केली. त्याला धक्का बसलेला नव्हता. आश्चर्यही नव्हतं.

“तुला माहीत होतं,” मी म्हणाले.

“...जूनपासून.”

“जून?”

“पुस्तक पूर्ण झालं आणि मग एका ठिकाणी वाचलं.” तो टेबलावरच्या पाण्याच्या थेंबातून बोटाने रेघ ओढत होता. “तात्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. बारीक अक्षर दिसत नाही. पुस्तक आलं की आधी नववं वाचून दाखव, असं रोज म्हणतात. गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय. ही एक गोष्ट त्यांची आहे, एंजेला. बाकी सगळं पुस्तकांतून आलंय. एवढं एक प्रकरण... राहू दे ना.”

“पहिल्या पानावर माझं नाव आहे.”

“तीनशे बारा गोष्टी तपासल्यास तू. कोण बघणार आहे?”

“मी बघितलं ना.”

“मग तुझं नाव काढायला सांगतो.”

“नाव काढलं तरी ऊस ऊसच राहील, कल्याण. वाचणाऱ्या पोरांना काय माहीत, कुठलं प्रकरण तू तात्यांसाठी लिहिलंस आणि कुठलं त्यांच्यासाठी?”

तो उठला. भराभर कागद गोळा करू लागला. “तुला आकडा प्यारा आहे. मला बाप आहे.”

हे वाक्य त्याला बोलायचं नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं. पण ते बोलून झालं होतं. मी पिशवी उचलली आणि निघाले.

*

त्यानंतर अकरा दिवस काहीच नाही. कारखान्यात हंगामाची तयारी सुरू झाली होती. बॉयलर पेटवायचा कार्यक्रम झाला, नारळ फुटले, पेढे वाटले. मी लॅबमधली काचेची भांडी धुऊन, तपासून, रांगेत लावली. एकही तुटलेलं नव्हतं. तरी काही तरी कमी आहे असं सारखं वाटत राहिलं.

मी चुकले नव्हते. हे मी रोज स्वतःला सांगत होते. पण चूक सापडल्यावर मी किती खूश झाले होते, तेही रोज आठवत होतं. एका म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची ऐट मी दोन ओळींत मोडली आणि शेजारच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

“तो पुस्तकवाला हल्ली येत नाही का गं?” मम्मीने भाजी निवडता निवडता विचारलं.

“मम्मी, तो आपल्याकडे कधी आलाच नव्हता.”

“तुझ्या बोलण्यात यायचा. दिवसातून चारदा.”

बाराव्या दिवशी फोन आला.

“एंजेला... मी छपाई थांबवली.”

मी फोन घेऊन बाजूला गेले.

“परवा पुन्हा ते पान वाचत होतो. कॅस्ट्रोने स्वतः उभं राहून अख्ख्या देशाला सांगितलं, की आकडा गाठता आला नाही. हे मीच लिहिलंय. आणि मला घरातल्या एका माणसाला सांगता येत नाही.” श्वास घेतल्याचा आवाज आला. “त्या दिवशी जे बोललो ते वाईट बोललो. आज तात्यांना सांगणार आहे. सांगायचं मलाच आहे, पण... तू शेजारी असशील?”

“पुढच्या बसने येते,” मी म्हणाले.

*

घर साधं होतं. पुढे शेणाने सारवलेलं अंगण, कडेला शेवग्याचं झाड, झाडाखाली खाट. खाटेवर तात्या – पांढरी टोपी, ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, मांडीवर हात. कल्याणच्या आईने चहा आणला आणि माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं, की मी पदर असल्यासारखी ओढणी नीट केली.

“ह्याच का त्या लाल पेनवाल्या?” तात्या म्हणाले. “बसा, बसा. आमच्या कल्याणचं लई कागद तुमी रंगवलं म्हनं.”

“थोडेसेच, काका.”

“आन नववं? त्यात काय न्हाई ना घावलं? ते पक्कं हाय. ते माझं हाय.”

कल्याण त्यांच्या पायाशी बसला. मला वाटलं, आता तो माझ्याकडे बघेल. त्याने पाहिलं नाही. “तात्या, ते चुकलंय,” तो म्हणाला. “तो आकडा उसाचा नव्हता. साखरेचा होता.”

“साखर?” तात्या हसले. “खुळा का काय? साखर पोत्यावर असती. टनावर ऊस असतो.”

“आपल्याकडे. त्यांच्याकडे साखरही टनावर मोजतात.”

तात्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. मग त्यांनी चष्म्याआडून माझा अंदाज घेतला. “तुमी लॅबवाल्या. उतारा किती धरायचा?”

“साडेदहा धरा, काका.”

त्यांचे ओठ हलू लागले. कागद नाही, पेन नाही. बोटाची पेरं अंगठ्याने मोजत गेले. शेवग्याची दोन पिवळी पानं खाटेवर पडली.

“आठ कोटी,” तात्या म्हणाले.

“हो,” मी म्हणाले.

“आठ कोटी टन ऊस... एका हंगामात. तोडला कुनी?”

“सगळ्यांनी,” कल्याण म्हणाला. “मजूर, विद्यार्थी, शिक्षक, ऑफिसातले लोक. बराचसा हातानेच.”

“आन काटा कुनी केला एवढा?”

“ते... कुठं लिहिलेलं सापडलं नाही.”

तात्या उठले. अंगणाच्या टोकापर्यंत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. कल्याण उठू लागला, तशी त्याच्या आईने त्याचा खांदा दाबला. “ऱ्हाऊ दे जरा.”

मला निघून जावंसं वाटत होतं. पण मी बसून राहिले. हे बघणंही माझ्या कामाचाच भाग होता, असं मला त्या दिवशी कळलं.

परत आले तेव्हा त्यांनी चष्मा काढलेला होता. डोळे लाल होते, ऑपरेशनमुळे असतील किंवा नसतील. “छत्तीस वर्सं काट्यावर बसलो,” ते म्हणाले. “कुनाची गाडी किलोनं बी कमी धरली न्हाई. आन ह्यो एवढा मोठा काटा चाळीस वर्सं चुकीचा सांगत हुतो. समद्या गावाला.” मग कल्याणकडे वळले. “तुला कधी कळलं?”

“जूनमध्ये.”

“आन गप ऱ्हायलास?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“वाटलं की. मंग? मी काय साखरेचा हाय का, इरघळून जायाला?” त्यांनी पोराच्या डोक्यात हलकीच टपली मारली. हात लगेच उचलला नाही, तिथेच ठेवला. “लिव्ह नव्यानं. माझं नाव घालून लिव्ह. कोन तरी चुकला, असं मोघम लिव्हू नको. गहिनीनाथ दरंदले चुकला, असं लिव्ह.”

*

नवीन नववं प्रकरण दोन आठवड्यांनी माझ्या हातात आलं. त्यात जुन्या पहाटा होत्या, काट्याची खिडकी होती, १९८३ चं वर्तमानपत्र होतं. एका काटा कारकुनाची चूक होती आणि ती का झाली, ते फार समजून लिहिलेलं होतं. मी ते दोनदा तपासलं. लाल वर्तुळ करायला कुठेच जागा नव्हती.

छापायला द्यायच्या आधी तात्यांना ऐकायचं होतं. म्हणून रविवारी दुपारी मी पुन्हा घोडेगावला गेले. दुसऱ्या दिवशी आमचा कारखाना सुरू होणार होता. रस्त्याला उसाच्या गाड्या लागल्या होत्या आणि हवेत धुरकट गोडसर वास भरलेला होता. शेवग्याखाली खाटेवर तात्या, बाजूला आई, त्यांच्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत मी. कल्याण उभा राहून वाचत होता, वर्गात वाचतो तसा.

तात्यांच्या चुकीचा भाग आला तेव्हा ते मान डोलावत राहिले. “बराबर. असंच झालं हुतं. फुडं?”

“‘ही चूक मला जूनमध्ये कळली होती,’” कल्याणने वाचलं. “‘ती मी लपवली. एका मुलीने ती लपवू दिली नाही.’”

माझ्या प्रतीत एवढंच होतं आणि पुढे प्रकरण संपत होतं. पण त्याने पान उलटलं आणि मी चमकले. उलटताना मागची बाजू मला दिसली – छापलेली नव्हती, पेन्सिलने लिहिलेली.

“‘त्या मुलीसमोर खोटं बोलायला मला जमत नाही,’” तो वाचत होता आणि त्याचा आवाज आता वर्गातला राहिला नव्हता. “‘तिच्याशी... लग्न करावं, असं मला सप्टेंबरपासून वाटतंय. तिला अजून विचारलेलं नाही.’”

दूर रस्त्यावर एक ट्रॅक्टर गचके खात गेला.

“हे बी पुस्तकात छापनार हाय का?” तात्यांनी विचारलं.

“नाही, तात्या.”

“मंग माझ्याकडं तोंड करून काय वाचतोस? तिला इचार की!”

तो वळला. पेन्सिल कानामागे, कान लालबुंद, हातातला कागद उलटा. त्याने विचारलं नाही. नुसता बघत राहिला... आणि मला एकाएकी फार शांत वाटलं. सगळं धुऊनपुसून जागच्या जागी लावल्यावर वाटतं, तसं.

“हो,” मी म्हणाले. “मलाही. सप्टेंबरपासूनच. पण हे पान असंच्या असं मम्मीसमोर वाचायचं. पुढच्या रविवारी. चर्च सुटल्यावर.”

“चर्चमध्ये?” कल्याणने हातातला कागद सुलटा केला.

“बाहेर, कंपाउंडमध्ये. मम्मी ओळखीच्या सगळ्यांशी बोलल्याशिवाय घरी जात नाही. तिथंच गाठायची तिला.”

कल्याणच्या आईने माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच निरखून. मग उठून आत गेली आणि वाटीत गूळ-शेंगदाणे घेऊन आली. वाटी आधी माझ्या हातात दिली.

तात्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. “रविवारी मी बी येतो,” ते म्हणाले. “पोराकडचं मानूस पायजेल का न्हाई? आन जायाचं तर आत जाऊन हात जोडून यावं, नुसतं भाईर कशाला उभं ऱ्हायाचं?” मग माझ्याकडे झुकून, आवाज खाली आणून, एखादी आपल्याला ठाऊक असायला हवी होती अशी गोष्ट विचारावी तसं त्यांनी विचारलं, “आत जाताना चपला काढायच्या असत्यात का गं, पोरी?”

“नाही, तात्या,” मी म्हणाले. “तसंच यायचं.”